शेजाऱ्याला धक्का न लावता

सोलापूरच्या पूर्व भागात दुकान असलं की यंत्रमागांची खटखट दिवसभर कानावर असते, आणि म्हणूनच ती ऐकू येत नाही. मध्येच एखादा माग अडखळला की मग मान वर होते. छातीतल्या ठोक्यांचंही तसंच आहे. दिवसाला लाखभर ठोके पडतात आणि एकाचीही आपण दखल घेत नाही.

माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या वर्षी एक मामा काउंटरला टेकून उभे राहिले. पस्तीस वर्षं माग चालवलेला माणूस. नातं काही नाही, पण इकडे वयानं मोठे असले की मामाच. म्हणाले, "मालक, छातीत माग बिघडल्यासारखं व्हायलंय. खटखट, खट, मग काहीच नाही, मग एकदम खटखटखट. ॲसिडिटीची एक गोळी द्या की." मी गोळी द्यायच्या आधी त्यांचं मनगट धरलं. नाडी जोरात होती, पण दोन ठोक्यांमधलं अंतर एकदाही सारखं लागेना. गोळी दिली नाही, ईसीजी काढायला पाठवलं.

संध्याकाळी ते कागद घेऊन आले. ईसीजीवर उंच टोकं दिसतात ना, तो एकेक ठोका. मी जुन्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली, तिची कड त्या टोकांखाली धरली आणि सलग तीन टोकांसमोर पेनानं तीन खुणा केल्या. मग तो कागद पुढच्या तीन टोकांखाली सरकवला. निरोगी हृदयाच्या कागदावर खुणा जवळपास जुळतात. इथं एकही जुळेना. पुढं सरकवला, तरी नाही. मामा वाकून बघत होते. "धोटा वेळेवर येईना म्हणा की," एवढंच म्हणाले.

या आजाराचं नाव अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर बोलताना नुसतं 'एएफ' म्हणतात, मीही तेच म्हणतो. सतत टिकणाऱ्या अनियमित ठोक्यांमध्ये हा जगात सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यावर गेल्या काही वर्षांत एक नवा इलाज आला आहे. त्याचं इंग्रजी नाव पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन, थोडक्यात पीएफए. पुण्याला जाऊन आलेल्या रुग्णांच्या फायलींत ही अक्षरं दिसायला लागली आणि काउंटरवर प्रश्न सुरू झाले: करंट देतात म्हणे, जाळत नाहीत म्हणे, म्हणजे काय करतात? त्याचंच उत्तर सावकाश देतो.

आधी बिघाड कुठला ते बघू. हृदयाचे चार कप्पे. वरचे दोन, ज्यांना शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हणतात, रक्त गोळा करतात. खालचे दोन निलय ते शरीरभर ढकलतात. उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तिथून विजेची एक लहर निघते, दोन्ही अलिंदांवर पसरते, मग मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबते आणि खाली उतरते. मोठ्या माणसात मिनिटाला साठ ते शंभर वेळा, आणि हे चालू असतं आईच्या पोटात असल्यापासून.

एएफमध्ये वरच्या कप्प्यांत एका लहरीऐवजी अनेक लहरी एकाच वेळी सैरावैरा धावतात. आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आठवा. प्रत्येक पाळण्याचा स्पीकर वेगळा, प्रत्येकावर वेगळं गाणं, आणि मध्ये उभं राहिलं तर एकही गाणं कळत नाही. वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे ठिणग्या उडत असतात. त्यामुळे अलिंद आकुंचन पावत नाही, नुसतं थरथरतं. मधली चौकी सगळ्या ठिणग्यांना खाली सोडत नाही म्हणून माणूस जगतो. पण ज्या सुटतात त्या कुठल्याही वेळी सुटतात, त्यामुळे नाडी वेडीवाकडी पडते.

धडधड, धाप, थकवा ही त्याची लक्षणं. काहींना तर काहीच जाणवत नाही, आणि ते जास्त वाईट. कारण या आजाराचा खरा दगा धडधडीत नाही. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक आंधळा कोपरा आहे. अलिंद नीट आकुंचन पावेना की त्या कोपऱ्यात रक्त साचतं, तिथं गुठळी धरते, आणि एक दिवस ती सुटून मेंदूकडे जाते. एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो. म्हणून या आजारातलं पहिलं औषध ठोके सुधारणारं नसतं, रक्त पातळ ठेवणारं असतं. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात असे गुण मांडून डॉक्टर ते ठरवतात. हे इथंच ठासून सांगतो, कारण पुढं जे येतं ते दिसायला भारी आहे आणि त्याच्या झगमगाटात ही साधी गोळी विसरली जाते.

लय सुधारण्यासाठीही गोळ्या आहेत. त्यातली काही जोरकस आहेत आणि त्यांची किंमत शरीर मोजतं. अमायोडॅरोन वर्षानुवर्षं चालू असलेल्या माणसाचं थायरॉइड आणि फुप्फुसं तपासत राहावी लागतात. शिवाय गोळ्यांनी बऱ्याच जणांचे झटके थांबत नाहीत.

आता गोष्ट फ्रान्समधल्या बोर्दो शहरात जाते. १९९८ साली तिथल्या मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयात तारा घालून एक साधी गोष्ट शोधली: ही सगळी बजबजपुरी सुरू कुठून होते? त्यांना ठिणगीच्या ६९ जागा सापडल्या आणि त्यातल्या ६५ फुप्फुसशिरांमध्ये होत्या. फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या या चार शिरा डाव्या अलिंदात उघडतात. अलिंदाचा स्नायू त्या शिरांच्या तोंडात थोडा आत गेलेला असतो, बाहीची अस्तरं मनगटाबाहेर यावीत तसा. तिथल्या काही पेशींना स्वतःहून ठिणगी टाकायची खोड असते.

त्यानंतर उपचाराची दिशा पालटली. शिरांच्या आतल्या त्या पेशी शोधत बसायचं नाही. शिरेच्या तोंडाभोवती मेलेल्या स्नायूचं एक कडं तयार करायचं. मेलेला स्नायू वीज वाहत नाही, त्यामुळे आत कितीही ठिणग्या उडाल्या तरी अलिंदापर्यंत पोचत नाहीत. शेताला आग लागू नये म्हणून बांधाकडेनं पट्टा मोकळा करून ठेवतात, तसा हा प्रकार. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. छाती उघडायची नसते. जांघेतल्या शिरेतून लांब बारीक नळी हृदयात नेतात आणि उजव्या-डाव्या अलिंदांमधल्या पातळ पडद्याला छिद्र पाडून डावीकडे शिरतात.

कडं तयार करायचं कसं? दोन रीती रुळल्या. एक, नळीच्या टोकातून रेडिओलहरींची ऊर्जा सोडून स्नायू तापवायचा. साधारण पन्नास अंशांच्या वर गेला की तो कायमचा मरतो. हे एकेक ठिपका जोडत शिवणकामासारखं करावं लागतं आणि टाका सुटला तर वीज तिथून गळते. दुसरी, शिरेच्या तोंडात छोटा फुगा फुगवून तो उणे चाळीस-पन्नास अंशांपर्यंत गार करायचा. एक भाजतं, दुसरं गोठवतं. दोन्ही चांगल्या रीती आहेत, दोन्हींनी जगभर लाखो माणसं बरी झाली आहेत. कुणाला डॉक्टरांनी यातलीच एक सुचवली असेल तर आपल्याला जुनाट माल देतायत असं समजू नका.

पण अडचण होती ती शेजाऱ्यांची.

डाव्या अलिंदाची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. तिच्या पाठीला अन्ननलिका टेकलेली, जुन्या पेठेतल्या दोन घरांची भिंत एकच असावी इतकी जवळ. उजवीकडच्या वरच्या शिरेजवळून श्वासपटलाला हलवणारी नस जाते. उष्णतेला हे माझं, ते शेजाऱ्याचं, असं काही कळत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. नस भाजली किंवा गोठली तर श्वासपटलाची एक बाजू लुळी पडते, बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते. फुप्फुसशिरेच्या आत खोल भाजलं तर शीर आकसते. आणि अन्ननलिका भाजली तर क्वचित, हजारो रुग्णांत एखाद्याला, दोन ते आठ आठवड्यांनी तिच्यात आणि हृदयात आरपार भोक पडतं. ज्यांना हे होतं त्यांतले निम्म्याहून जास्त दगावतात. तापवून केलेल्या अ‍ॅब्लेशननंतर पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं असं काही झालं तर माझ्यासारख्याकडून पॅरासिटामॉल नेऊन बसायचं नाही. जिथं उपचार झाले तिथं तडक फोन करायचा आणि 'माझं अ‍ॅब्लेशन झालंय' हे पहिलं वाक्य म्हणायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालायचं ठरवलं तरी आधी हे सांगायचं, कारण अशा वेळी ती दुर्बीणच घात करू शकते.

या भीतीपायी डॉक्टर अन्ननलिकेत तापमापक ठेवून काम करत आणि मागच्या भिंतीवर हात आखडता घेत. हात आखडला की कडं कच्चं राहतं, कडं कच्चं राहिलं की एएफ परत येतो. म्हणजे शेजाऱ्याला जपायचं तर स्वतःचं काम अर्धवट, आणि काम पुरं करायचं तर शेजारी धोक्यात.

पीएफएचं सगळं नावीन्य या एका जागी आहे.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतका. आत काय ठेवायचं, बाहेर काय सोडायचं हे तो ठरवतो. पेशीवर अगदी क्षणभर प्रखर विद्युतक्षेत्र टाकलं तर त्या पडद्याला असंख्य सूक्ष्म भोकं पडतात. क्षेत्र सौम्य असेल तर भोकं बुजतात आणि पेशी जगते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशीत नवं जनुक घालण्यासाठी १९८२ पासून हीच युक्ती वापरतात. क्षेत्र प्रखर असेल तर भोकं बुजत नाहीत, आतलं मीठ-पाणी बाहेर, बाहेरचं आत, आणि पेशी काही तासांत मरते. भाजत नाही, गोठत नाही, तिचा तोल जातो. परदेशात बटाट्याच्या चिप्सच्या कारखान्यांत बटाटा कापायच्या आधी त्याला असेच विजेचे झटके देतात म्हणजे तो मऊ होऊन पातळ आणि सरळ कापला जातो. बटाटा आणि हृदय एका वाक्यात आणल्याबद्दल हृदयरोगतज्ज्ञांनी मला माफ करावं, पण मामांना कळलं ते याच उदाहरणानं.

आता मर्माची गोष्ट. प्रत्येक जातीच्या पेशीची सहनशक्ती वेगळी असते. हृदयाच्या स्नायूपेशी तुलनेनं कमी प्रखर क्षेत्रातच मान टाकतात. नसांच्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी आणि अन्ननलिकेच्या पेशी त्याहून बरंच जास्त सोसतात. मग क्षेत्राची मात्रा अशी धरायची की हृदयाची पेशी मरेल आणि शेजारची जगेल. शिवाय पेशी मेल्या तरी त्यांच्यामधलं तंतूंचं जाळं शाबूत राहतं, म्हणून शेजाऱ्याला थोडं लागलंच तर तो भाग त्याच सांगाड्यावर पुन्हा भरून येतो. जळालेल्या ऊतीचा तो सांगाडाच उरत नाही.

झटका दोन हजार व्होल्टच्या आसपासचा. आकडा ऐकून मामा काउंटरवरून एक पाऊल मागं सरकले. "मला करंट देणार म्हणायलेत की हो. मागाच्या मोटारीला चारशे चाळीस असतंय." व्होल्ट मोठे आहेत, पण वेळ बघा: एकेक स्पंद सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता. उष्णता साचायला वेळच मिळत नाही. 'अजिबात तापत नाही' असं म्हणणं मात्र पुरतं खरं नाही. तापमान किंचित चढतं, पण मारण्याचं काम ते करत नाही.

गंमत अशी की अ‍ॅब्लेशनची सुरुवातच विजेच्या झटक्यानं झाली होती. १९८२ मध्ये अमेरिकेत मेल्विन शाइनमन आणि त्याच सुमारास जॉन गॅलघर यांच्या चमूंनी हृदयातल्या नळीतून थेट मोठा झटका दिला, छातीवर पॅडल ठेवून देतात तसला. काम व्हायचं, पण आत ठिणगी पडून बुडबुडा फुटायचा आणि त्या दणक्यानं हृदयाची भिंत फाटायची भीती असायची. दशक संपता संपता रेडिओलहरी आल्या आणि झटका मोडीत निघाला. तोच झटका चाळीस वर्षांनी परत आला, फक्त एका घणाऐवजी हजारो टाचण्या होऊन.

युरोपात अशा एका यंत्रणेला २०२१ च्या जानेवारीत मान्यता मिळाली. अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात मेडट्रॉनिक कंपनीच्या पल्ससिलेक्ट या यंत्रणेला आणि पुढच्याच महिन्यात बोस्टन सायंटिफिक कंपनीच्या फॅरापल्सला परवानगी आली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत ही सोय झाली आहे. सोलापूरची माणसं अशा कामाला बहुतेक पुण्याला जातात. आमच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी घरं हैदराबादही धरतात, कारण तिथं डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येतं.

टेबलावर काय होतं? आधी गुठळी नाही ना हे सोनोग्राफीनं बघतात, कधी घशातून, कधी हृदयाच्या आतूनच. गुठळी असेल तर त्या दिवशी काम नाही, रुग्ण घरी. मग गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल. ती लागतेच, कारण झटक्यांनी अंग दचकतं आणि खोकला येतो, भुलेशिवाय जागचं न हलणं कुणालाही जमणार नाही. फॅरापल्सच्या नळीच्या टोकाला पाच पाकळ्या असतात, प्रत्येक पाकळीवर चार इलेक्ट्रोड. पाकळ्या आधी टोपलीसारख्या उघडतात, मग फुलासारख्या पसरतात. शिरेच्या तोंडाशी टेकवायचं, झटका द्यायचा, थोडं फिरवायचं, पुन्हा द्यायचा. एकेका शिरेला साधारण आठ वेळा. प्रत्येक वेळी दोन-अडीच सेकंद. चारही शिरा झाल्या की आत अजून वीज पोचते का हे तपासतात. नळ्या काढतात, जांघेतलं भोक बंद करतात, काही तास पाय सरळ ठेवून झोपायचं. पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी घरी.

कामाला वेळ कमी लागतो हे खरं, पण मला त्याचं फार कौतुक नाही. रुग्णाला विचारायचा प्रश्न वेगळा: एएफ परत येतो का? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. ६०७ रुग्ण, निम्म्यांना पीएफए, निम्म्यांना तापवून किंवा गोठवून. वर्षाअखेर यशस्वी ठरले पीएफएतले ७३.३ टक्के आणि दुसऱ्या गटातले ७१.३ टक्के. म्हणजे बरोबरी. आणि दोन्हींत चारातला एक जण निसटलेला. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधून २१० रुग्णांची दुसरी चाचणी आली. तिथं प्रत्येकाच्या कातडीखाली ठोक्यांवर चोवीस तास नजर ठेवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. पीएफएनंतर ३७ टक्के रुग्णांत एएफसारखी गडबड परत नोंदली गेली, गोठवलेल्यांत ५१ टक्के. इथं पीएफए पुढं आहे. पण ३७ चा आकडाही बघा. बारकाईनं शोधलं की सापडतं. त्यातल्या काहींचे झटके इतके लहान की माणसाला पत्ताही नसतो, पण 'एकदा केलं की सुटलात' असं कुणी सांगत असेल तर त्याला हे दोन आकडे दाखवा.

मग पीएफएनं मिळवलं काय? शेजारी. जगभरातल्या १०६ केंद्रांतल्या १७,६४२ रुग्णांची एकत्र माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही नोंद नाही. फुप्फुसशीर आकसल्याची एकही नाही. श्वासपटलाची नस कायमची गेल्याची एकही नाही. मोठी गुंतागुंत एकूण शंभरात एकाच्या आसपास. मला विचाराल तर या उपचाराचा खरा ताळेबंद हा आहे: बरं करण्यात थोडं पुढं किंवा बरोबरीत, पण सगळ्यात भयंकर तीन भीती जवळजवळ पुसलेल्या.

उरलेल्या भीती मात्र तशाच आहेत. हृदयात नळी घालायची म्हटल्यावर भिंतीला भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकतं. त्या १७ हजारांत हे हजारी तीन-चार जणांना झालं. पक्षाघात हजारात एखाद्याला. जांघेत रक्त साकळणं तर नेहमीचं. आणि काही भीती पीएफएनं स्वतःबरोबर आणल्या. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीजवळ झटका दिला तर ती काही वेळ आवळते. ती सैल करायला डॉक्टर नायट्रोग्लिसरीन हे औषध तयार ठेवतात. दुसरी गोष्ट, विजेच्या क्षेत्रात जे सापडतं त्यात वाहतं रक्तही असतं. झटके खूप झाले तर तांबड्या पेशी फुटतात, त्यातलं हिमोग्लोबिन लघवीतून उतरतं आणि लघवी चहासारखी तांबूस होते. बहुतेकदा सलाइननं भागतं. क्वचित मूत्रपिंडाला त्रास होतो. ज्यांचं मूत्रपिंड आधीच अशक्त आहे त्यांनी हे डॉक्टरांना आधी विचारावं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत एका नव्या पीएफए नळीचा वापर पक्षाघाताच्या काही घटनांमुळे थांबवून तपासणी करावी लागली, मग तो पुन्हा सुरू झाला. 'विनाधोका' हा शब्द जाहिरातीत दिसला की मी ते पान उलटतो.

हे सगळ्यांसाठी नाही, आणि आपल्याकडे हे जास्त जोरानं सांगायला हवं. पाश्चात्त्य देशांत एएफ म्हणजे म्हातारपण, रक्तदाब, लठ्ठपणा. भारतात रुग्ण तुलनेनं तरुण असतात आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याच्या मुळाशी लहानपणीचा संधिवाताचा ताप असतो. घसा धरला, सांधे सुजले, सगळे विसरले, आणि वीस वर्षांनी हृदयाची झडप आवळून बसली. अशा हृदयात शिरांभोवती कडं घालून उपयोग नाही. आधी झडपेचं बघावं लागतं. रक्त पातळ करायची गोळीही त्यांची वेगळी: २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांत जुन्या पद्धतीची, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासत घ्यायची गोळीच सरस ठरली. ती घेणाऱ्या बायका मला विचारतात, मेथी, चुका बंद करू का? बंद करायची नाही. एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असं करायचं नाही. पालेभाजी साधारण सारखी ठेवली की आयएनआरही साधारण सारखा राहतो.

अ‍ॅब्लेशनचा चांगला उपयोग होतो तो ज्यांचे झटके येतात-जातात, त्रास होतो, आणि आजार फार जुना झालेला नाही त्यांना. एएफ जितका मुरतो तितकं अलिंद ताणलं जातं आणि मग ठिणग्या फुप्फुसशिरांपुरत्या राहत नाहीत. हृदयाची ताकद कमी झालेल्या काहींनाही फायदा होतो. आणि वजन, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, दारू यांच्याकडे न बघता केलेलं अ‍ॅब्लेशन म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं की ज्या लठ्ठ रुग्णांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं, त्यांचा एएफपासून मोकळं राहण्याचा संभव कितीतरी पट वाढला. हे दोन हजार व्होल्टइतकं रंगतदार नाही, त्यामुळे याबद्दल कुणी काउंटरवर विचारत नाही.

खर्च लाखांत जातो. नळी एकदा वापरून टाकायची, ती महाग. विम्यात किंवा शासनाच्या योजनेत बसतं का, हे ठरवायच्या आधी लेखी विचारून घ्या. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना भेटा. आणि डॉक्टरांना एक प्रश्न बिनधास्त विचारा: वर्षाला तुम्ही अशा किती केसेस करता? या कामात यंत्राइतकाच हातही महत्त्वाचा आहे. नवं यंत्र आणि नवखा हात यांच्यापेक्षा जुनं यंत्र आणि सरावलेला हात मी तरी घेईन.

मामांची झडप चांगली होती, रक्तदाब होता, झटके दोन-तीन दिवसांनी येत होते आणि गोळ्यांनी थांबत नव्हते. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. चौथ्या दिवशी मामा परत आले, जांघेत हिरवं-निळं झालेलं, बाकी ठणठणीत. लघवी एक दिवस तांबूस झाली होती, मग साफ झाली. दोन आठवड्यांनी एका रात्री पुन्हा फडफड झाली, तेव्हा ते घाबरून भल्या सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभे. "पैसे गेले की वाया?" पहिले दोन-तीन महिने असं होतं. झटके बसलेला स्नायू सुजलेला असतो, चिडलेला असतो. या काळातल्या फडफडीला डॉक्टर हार म्हणत नाहीत, अंदाज त्यानंतर बांधतात. तरी फोन करून कळवा म्हटलं, त्यांनी कळवलं.

तीन महिने झाले, ईसीजी नीट आला. मी जुन्या सवयीनं बिलाचा कागद काढून खुणा केल्या आणि सरकवला. जुळल्या. मामांनी स्वतःही एकदा सरकवून बघितला. मग खिशातून औषधाची चिठ्ठी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता ही रक्ताची गोळी बंद करू का? माग तर सुरळीत चालायलाय."

हाच प्रश्न येणार हे मला माहीत होतं. ठोके सुधारले म्हणजे गुठळीचा धोका संपला असं नाही. ती गोळी चालू ठेवायची की नाही हे ईसीजीवर ठरत नाही, त्या आधीच्या गुणांवर ठरतं, आणि मामांचं वय आणि रक्तदाब दोन्ही जागच्या जागी होते. झटका झोपेत येऊन गेला तर कळणारही नाही. एक बरं आहे, मामांची ही गोळी म्हणजे अपिक्साबॅन, आणि २०२२ नंतर तिच्या अनेक स्वस्त कंपन्या आल्यात, आता ती पूर्वीसारखी खिसा कापत नाही.

"डॉक्टर बंद म्हणेपर्यंत बंद नाही," मी म्हणालो आणि साठ गोळ्या मोजून पिशवीत घातल्या. "सकाळी एक, रात्री एक."

"रात्रीची पण?"

"रात्रीची पण, मामा."